साडेसहा मिलिमीटर

"साडेसहा, सात की आठ?" भास्करने विचारलं. "ठरव की एकदाचं! बंदुकीचं कॅलिबर निवडतोयस, बायको नव्हे."

"बायकोच निवडतोय," श्रीपाद म्हणाला.

आणि ते खरंच होतं. जर्मनीत, डार्मस्टाटमधल्या दोघांच्या त्या भाड्याच्या खोलीत टेबलभर आलेखाचे कागद पसरले होते. धातुशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेला हा सांगलीचा मुलगा तीन महिने गोळीचं वजन, वेग आणि खांद्याला बसणारा धक्का यांची कोष्टकं मांडत बसला होता. त्याला गिझेलाशी लग्न करायचं होतं. तिचे वडील, हेर (म्हणजे श्रीयुत) ट्राउटमान, ओडेनवाल्डच्या जंगलातले निवृत्त वनाधिकारी. त्यांची अट एकच. मुलाने शिकारीचा परवाना काढायचा, बंदूक स्वतः निवडायची आणि एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर मचाणावर बसायचं. होय की नाही, ते त्यानंतर सांगणार.

"आधी एकजण आला होता," गिझेलाने सांगून ठेवलं होतं. "पट्टीचा नेमबाज. त्याचं काडतूस ऐन वेळी फुसकं निघालं आणि पप्पांनी त्याला सरळ नकार दिला."

"बघ बाबा," भास्कर म्हणाला. "खोलीत कोळी निघाला तर तू त्याला कागदावर घेऊन खिडकीतून सोडतोस. तू हरीण मारणार? कप्पाळ!"

श्रीपादच्या आईचं पत्र कालच आलं होतं. मुलगी कुठलीही आण, तिने लिहिलं होतं, मी ओवाळून घरात घेईन. पण हाताला रक्त लावून आणू नकोस.

शनिवारी दुपारी तो बसने गिझेलाच्या गावात पोचला. गिझेलाच्या आईने, फ्राउ ट्राउटमाननी, कॉफीबरोबर रव्याचं पुडिंग केलं होतं, वर रासबेरीचा रस.

"अहो, हा तर आमचा शिराच!" श्रीपाद म्हणाला. बाई खूश झाल्या आणि त्यांनी आणखी वाढलं.

हेर ट्राउटमान मात्र फारसं बोलेनात. मध्येच उठून त्यांनी ओट्यावरच्या डब्यातून थोडा रवा कागदाच्या पुडीत बांधून घेतला.

"पाखरांना," ते म्हणाले.

"जावई यायचाय घरात, आणि यांना पाखरांची काळजी!" बाई म्हणाल्या. गिझेला लाजून हसली.

भिंतीवर हरणांची शिंगं ओळीने लावली होती. प्रत्येकाखाली शिकारीची तारीख. शेवटची होती ऑक्टोबर १९३८ ची. पुढे भिंतच संपली असावी, असं श्रीपादला वाटलं. गावात तर सगळे सांगत होते की म्हातारा अजून शिकारीचा एकही शनिवार चुकवत नाही.

"मग? कुठली बंदूक?" हेर ट्राउटमाननी विचारलं.

"साडेसहाची. इथली हरणं लहान, त्यांना पुरते. मांस फार नासत नाही, खांद्याला धक्काही कमी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. अभ्यास केलात तुम्ही." ते उठले. "काडतुसं मी स्वतः भरतो. दुकानातल्या मालावर माझा विश्वास नाही." ते तळघरात गेले आणि पंधरा मिनिटांनी साडेसहाची बंदूक आणि तीन चकचकीत काडतुसं घेऊन वर आले.

संध्याकाळी सात वाजता दोघं मचाणावर चढले. जून महिना, ऊन अजून लख्ख होतं. श्रीपादने काडतूस भरलं. तास गेला.

मग राय धान्याच्या शेताच्या कडेने एक नर बाहेर आला. तांबूस, तुकतुकीत, कान सारखे हलते. ऐंशी पावलांवर तो आडवा उभा राहिला. परवान्याच्या परीक्षेत कागदाच्या हरणावर श्रीपादचा एकही नेम चुकला नव्हता. आता तर हे त्याहून जवळ होतं.

त्याने बोट घोड्यावर ठेवलं. एवढं बोट दाबलं की गिझेला आपली. हरणाने मान खाली घालून पाला तोडला आणि निवांत चघळायला लागलं.

श्रीपादने बंदूक खाली घेतली.

"माफ करा, हेर ट्राउटमान," तो म्हणाला. त्याच्या आवाजाने हरीण टणकन उडी मारून झाडीत गेलं. "गिझेलावर माझा जीव आहे. पण हे माझ्याच्याने होणार नाही."

"तीन महिने अभ्यास केलात. परवाना काढलात."

"हो. पण तो कागद होता."

म्हातारा शेताकडे बघत होता. शेवटची बस साडेनऊची आहे, एवढंच श्रीपादच्या डोक्यात येत होतं. भास्करला काय सांगायचं? आणि गिझेलाला कुठल्या तोंडाने भेटायचं?

"काडतूस काढा. द्या इकडे."

श्रीपादने दिलं. हेर ट्राउटमाननी खिशातून छोटी पक्कड काढली.

"सत्तेचाळीस साली मी रशियातून सुटून घरी आलो," ते म्हणाले. "तेव्हापासून दर शनिवारी इथे येऊन बसतो. गावाला वाटतं, म्हाताऱ्याचा नेम गेला. वाटू दे." पक्कडीने धरून ते गोळी हलवत होते. "माझं नाव हाइनरिश. आजपासून मला हेर ट्राउटमान म्हणायचं नाही. आणि हे बघ, घरी यातलं अक्षर बोलू नकोस. हात पुढे कर."

गोळी सुटून आली. म्हाताऱ्याने काडतूस श्रीपादच्या तळहातावर उलटं केलं आणि त्यातून भुरभुर रवा सांडला.