रिकाम्या जागेचा फोटो

एका नक्षीपायी आठ दिवस माझ्या डोक्याचा भुगा झाला होता.

काचेवर धातूंचे अतिपातळ थर चढवायचे आणि त्यांतलं चुंबकत्व सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे माझं काम. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या दिसतात. विद्युतचुंबक चालू केला की त्या पुसल्या जातात, बंद केला की परत उमटतात, पण दर वेळी नव्या वळणांनी. माझ्या मात्र हुबेहूब त्याच यायच्या. तीन काचा बदलल्या, तरी त्याच.

"एकच फोटो आठदा पाठवलास का गं?" फोनवर माझे मार्गदर्शक सर वैतागून म्हणाले.

"नाही सर. रोज नवा काढलाय."

"मग काच बाहेर काढ आणि रिकाम्या जागेचा फोटो पाठव. खोट मशीनमध्येच असेल."

चडफडत मी झाकण उघडलं. आत काच नव्हतीच. सकाळी रागाच्या भरात मी ती ठेवायलाच विसरले होते. शेजारच्या डबीत ती तशीच पडली होती.

पडद्यावर पट्ट्या होत्या.

मी चुंबक चालू केला. त्या पुसल्या गेल्या. बंद केला. त्या परत आल्या, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांची वळणं बदलली होती.

"आला का कोरा?" सरांनी विचारलं.

मी चुंबकाची वायरच उपटून टाकली. तरीही पडद्यावरच्या पट्ट्या माझा हात जाईल तिकडे सावकाश वळत होत्या.