सातवं वाचन

हॉर्नबी या ब्रिटिश गावाच्या सभागृहात बंदुकांच्या नव्या कायद्यावर जाहीर चर्चा होती. "दोष बंदुकीचा नाही, माणसाचा. आम्ही माणसं पारखूनच घेतो," नेमबाजी क्लबचे अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. स्वानंदी उठली. "बस गं खाली," आई पुटपुटली. गेल्या वर्षीच्या गोळीबारात औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे असलेले तिचे बाबा मारले गेले होते. बाबांसह सात जण. चौकशीतून मिळालेलं, मारेकऱ्याच्या बंदूक परवान्यासाठीचं शिफारसपत्र तिने अध्यक्षांपुढे ठेवलं. खाली सही त्यांचीच होती. "मोठ्याने वाचा." "शांत, विश्वासू माणूस," त्यांनी कसंबसं वाचलं. "पुन्हा." "सॉरी, लव्ह," ते इथल्या सवयीने म्हणाले, "मला खरंच..." "सात माणसं गेली. सात वेळा वाचा." ते वाचू लागले. आई जप मोजते तशी ती पेरांवर मोजत राहिली. सातव्या वेळी त्यांनी पत्र खाली ठेवलं. स्वानंदी खुर्ची ओढून समोर बसली. "सावकाश वाचा. हे सातवं माझ्या बाबांचं."