बरणीतला शेवटचा जीव

थेंबात कोणीच नव्हतं.

फोटोवाल्याने सूक्ष्मदर्शकाच्या नळीखालची काचपट्टी डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. काल याच बरणीतल्या एका थेंबात अशी गर्दी, की धक्का मारल्याशिवाय कोणाला पुढे सरकता येत नव्हतं. त्यातच तो चक्कीवाला: डोक्यावर दोन चाकं गरगरा फिरवत समोर येईल ते गिळणारा, नुसत्या डोळ्याला न दिसणारा जीव. जन्मभर लग्नांचे फोटो काढलेल्या या माणसाने रुसलेल्या आत्या आणि पळायच्या बेतातले नवरदेव सरळ उभे केले होते. चक्कीवाला मात्र त्याला दाद देत नव्हता.

वाचनालयाच्या प्रदर्शनात मधली चौकट चक्कीवाल्याच्या फोटोसाठीच रिकामी ठेवली होती. ती संध्याकाळपर्यंत भरायची होती, आणि बरणीतलं पाणी ज्या तळ्यातून आणलं, ते तर गाळ काढायला कालच उपसून कोरडं केलेलं. जगात उरलेला चक्कीवाला म्हणजे या बरणीतला.

त्याने बरणी उचलली. काच घासून आरशासारखी लख्ख. पाण्याला नळाच्या औषधाचा वास. आणि आत, शेवाळाच्या जागी, कोथिंबिरीची एक काडी ऐटीत उभी.

दारात बायको होती. हातातल्या फडक्याचा तिने पिळून पिळून जीव नकोसा केला होता.

"आहेत ना हो सगळे?"

फोटोवाल्याच्या जिभेवर एक वाक्य आलं. चांगलं लांबलचक होतं, सासुरवाडीच्या चार पिढ्या त्यात मावल्या असत्या. पण त्याची नजर कोथिंबिरीवर गेली. जुडीतली सगळ्यात कोवळी काडी निवडली होती. पिवळं पान खुडून टाकलेलं.

ते वाक्य त्याने गिळलं.

"आहेत की. खाऊनपिऊन सुस्तावलेत. ये, बघ तरी."

"मला काय कळतंय त्यातलं." असं म्हणत ती आलीच. आजवर तिने त्या नळीला डोळा म्हणून लावला नव्हता. घाण पाण्यात काय बघायचं, हे तिचं ठरलेलं. आज एक डोळा घट्ट मिटून, अख्खा चेहरा गोळा करून तिने दुसरा डोळा भिंगाला चिकटवला.

"काही नाही दिसत... थांबा. अहो, आहे एक. काळे काळे पाय आहेत, रांगेत. फणीसारखे."

फोटोवाल्याला पहिल्या दिवशी हाच फणीवाला दिसला होता. नवा प्राणी सापडला म्हणून त्याने मेव्हण्याला फोनही केला. मागाहून कळलं, भिंगाला फार चिकटलं की आपल्याच पापण्यांचे केस दिसतात. मेव्हणा अजून विचारतो, फणीवाल्याला पोरंबाळं किती झाली.

"हलतंय हो. मी डोळा मिटला की तेही दचकतं." तिच्या खांद्यांवरून सकाळपासूनचं ओझं उतरल्यासारखं झालं. "म्हणजे जगलंय एक."

"भित्रं असतं ते," फोटोवाला गंभीरपणे म्हणाला. "पण देखणं. आपल्या घरात एवढं एकच."

"मग काढा की फोटो. चौकट राहिलीय ना तुमची."

त्याने कॅमेरा उचलला. लोकांच्या लग्नात तो उचलला की ही बाई खांबाआड जायची. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा धड एक फोटो नव्हता. आज त्याने कॅमेरा नळीला लावलाच नाही. हातात धरून तो बाजूने तिच्या डोळ्यापाशी वाकला.

"मिळतंय का हो?" तिने ओठसुद्धा न हलवता विचारलं.

"मिळतंय. तू फक्त हलू नकोस."

तिने श्वास रोखून धरला. नळीतला जीव बिचकू नये म्हणून.