जिंकलेला घोडा

विश्वासचं डोकं फिरलं होतं. गेल्या वर्षी सिंगापूरच्या शाळेत पोरगी पहिली आली म्हणून त्याने ते राहत होते त्या अख्ख्या तोआ पायोह भागात मिळतील तेवढ्या ट्यूशन लावल्या, आणि यंदा तिने गणिताचा अर्धा पेपर कोरा सोडला होता. ओरडून घसा बसल्यावर त्याने अवनीला टीव्हीसमोर बसवलं आणि इंग्लंडातल्या मानाच्या शर्यतीचं रेकॉर्डिंग लावलं. ज्यांना पुढे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या असतात अशा कोवळ्या घोड्यांची ही बिनअडथळ्यांची शर्यत.

"बघ, याला म्हणतात जिद्द. जिंकला की नाही?"

"मग बाबा, त्याला आता काय मिळणार?"

"आता पुढच्या वर्षीपासून त्याच्यापुढे हे एवढाले अडथळे ठेवतील. एवढा पळतो म्हटल्यावर ठेवणारच."

अवनीने शांतपणे मान डोलावली आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"देन आय स्मार्टर दॅन हॉर्स, लाह."