इसहाकचा उजवा खांदा

"सहा महिने वजन उचलायचं नाही," डॉक्टर मृणाली म्हणाल्या, तसा दानियाल खुर्चीवर पुढे सरकला.

"थोडं लवकर नाही का होणार, मॅडम?"

नूरबानूने मुलाकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर तिथेच गप्प झाला असता. ऑपरेशन व्हायचं होतं बापाचं आणि घाई या नवाबाला!

इसहाकचा उजवा खांदा म्हणजे साऱ्या रेवदंड्याला चेष्टेचा विषय. होडीचा नांगर ओढताना एकदा जो निखळला, तो मग कुठेही निखळायचा. एसटीत दांडी धरताना, सदरा काढताना, एकदा तर बाजारात कोणाला तरी सलाम करताना. लोक हसायचे, तोही हसायचा. वडिलांच्या जनाज्याला खांदा देताना निखळला, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मशिदीच्या कोपऱ्यावरच त्याला बाजूला व्हावं लागलं होतं. कबरस्तानापर्यंत तो दानियालच्या आधाराने रडत चालला.

मॅडमनी संगणकावर फोटो दाखवला. सांध्याची वाटी पुढून झिजली होती. शेजारच्या हाडाचा तुकडा काढून तिथे स्क्रूने बसवायचा, म्हणजे खांदा जागा सोडणार नाही.

"करायलाच पायजे का?" इसहाक हळूच म्हणाला. "आता वय झालं माझं. जपून वागेन."

"नाही भागायचं तसं, अब्बा," दानियाल म्हणाला. "होडी पाण्यात ढकलायची तर खांदा नको?"

"तुझे खांदे काय भाड्याने दिलेत?" नूरबानू फाडकन बोलली.

दानियाल नुसता हसला. मग डॉक्टरांना म्हणाला, "मॅडम, जरा बाहेर येता?" व्हरांड्यात तो बराच वेळ बोलत होता आणि त्या ऐकत होत्या. आत आल्या त्या ऑपरेशनची तारीख पुढच्याच आठवड्यातली देऊन मोकळ्या झाल्या. इसहाकच्या नजरेला नजर मात्र देईनात. पोराने गोड बोलून त्यांनाही गुंडाळलं, हे नूरबानूने ओळखलं.

सौदीतली दम्मामची नोकरी सोडून आल्यापासून या पोराने इकडची काडी तिकडे केली नव्हती. दुपारपर्यंत लोळायचं, ताटातलं अर्धं टाकायचं आणि व्हिसाचं काम सांगून सारखी मुंबई गाठायची. एवढ्या उकाड्यात डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणे फॅशन आहे! शेजारची आतिफा तर त्याला तोंडावर म्हणाली, "बाप राबणार आणि बेटा टोपी मिरवणार, मजा आहे बाबा तुझी."

ऑपरेशन चांगलं झालं. हात अडकवलेली गळ्यातली झोळी सुटली आणि खरा छळ सुरू झाला. आधी वाकून हात नुसता लोंबता झुलवायचा. नंतर दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून तो ओढायचा. दानियाल खाटेवर आडवा पडून हुकूम सोडायचा.

"अब्बा, आणखी एकदा."

"दुखतंय रे."

"दुखू दे. माझ्यासाठी एकदा."

एक दिवस इसहाक कळवळून खालीच बसला. नूरबानू स्वयंपाकघरातून धावत आली.

"बापाला बैल समजलास काय रे? हाडं तरी सांधू दे त्याची! लाज कशी वाटत न्हाय तुला?"

दानियाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी इसहाकनेच उठून पट्टा हातात घेतला.

"ओरडू नको गं त्याला. माझ्या भल्याचंच सांगतोय."

पोटच्या पोरापुढे या माणसाला कधी काही दिसलंच नाही, असं म्हणत ती आत गेली आणि चुलीपाशी बसून रडली. असा कसा निपजला हा, तिला कळेना.

पावसाळा लागल्यावर इसहाक एकटाच तपासणीला गेला. मॅडमनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला. खांदा घट्ट बसला होता.

"सहा महिने झाले नाहीत, पण थोडं वजन घेऊन बघा," त्या म्हणाल्या. "दानियाल नाही आला?"

"मुंबईला गेलाय. त्याचं व्हिसाचं काम चाललंय ना."

मॅडमनी मान हलवली आणि कितीतरी वेळ नुसत्या खांद्याच्या फोटोकडे बघत बसल्या.

जुलै सरत आला. गावातल्या होड्या रंगवून तयार होत होत्या, इसहाकची मात्र अजून ताडपत्रीखालीच होती. शुक्रवारी अंगणात बायकांनी नूरबानूला धरून ठेवलं होतं आणि ती "माझं तोंड का जळलं न्हाय तेव्हा" म्हणून ऊर बडवत होती. रस्त्यावर माणसं पुन्हा पुन्हा पुढे होऊन म्हणत होती, "चाचा, आता आम्हाला खांदा देऊ द्या." इसहाकने कोणाला दिला नाही. मशिदीचा कोपरा मागे पडला, कबरस्तानाचं फाटक आलं, उजवा खांदा जागचा हलला नाही. दानियालचं वजन तसं फारसं उरलंच नव्हतं.