फक्त फॅमिलीसाठी

"नवरा दुबईला आहे असंच सांगा, ताई," जिना चढताना एजंट भोईटे वृषालीला म्हणाले. एकटी बाई म्हणून सहा घरमालकांनी तिला नकार दिला होता.

सातव्या घराच्या मालकिणीने चहा दिला, वृषालीच्या लेकीला जवळ घेतलं. "बाबा दुबईहून कधी येणार गं?"

मुलगी आईकडे बघू लागली. बाबा आता येणार नाहीत, हे तिला समजावण्यात चार महिने गेले होते.

"ते वारले," वृषाली म्हणाली. "आम्ही दोघीच राहणार."

मालकीण अवघडली. "आम्ही फक्त फॅमिलीला देतो हो."

वृषाली उठली. भोईट्यांनी खिशातली फ्लॅटची किल्ली टेबलावर ठेवली. "ह्या दोघी फॅमिलीच आहेत, वहिनी. तुम्ही दुसरा एजंट बघा."

ते दोघींबरोबर जिना उतरले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "खोटं बोला म्हणालो, ते चुकलंच माझं."