मशीनचा चौथा पाय

"ताई, जरा नीट बसा, हलतंय," असं म्हणून स्टोअरकीपरने बॉलिंग मशीनमध्ये पुढचा चेंडू सोडला.

क्रेनवाली नीटच बसली होती. मशीनच्या मागच्या पायाला जोडलेल्या लोखंडी दांडीवर, दोन्ही हातांनी तो पाय आवळून. चाकं गरगरली, चेंडू सुटला आणि हिसका दांडीतून थेट तिच्या माकडहाडात शिरला. समोर जाळीत कॅप्टनने झकास फटका मारला. बाकीच्या बायका ओरडल्या, "वा गं वा!" क्रेनवालीही ओरडली. सवयच लागली होती मेली!

कारखान्यातल्या बायकांची ही क्रिकेट टीम, आणि स्टोअरकीपर तिचा कोच. मशीनला तीन पाय. दर चेंडूला ते मागे सरकायचं आणि नेम चुकायचा. प्रत्येक पायाच्या टोकाला खुंटी ठोकायला भोक होतं. पण खुंट्या ठोकल्या की लॉन खराब होणार, आणि मॅनेजरसाहेबांचा त्या लॉनवर भारी जीव. म्हणून पहिल्याच दिवशी स्टोअरकीपरने सगळ्यांवरून नजर फिरवली, ती बरोब्बर क्रेनवालीवर येऊन थांबली. "ताई, तुम्ही बसा पाहू. तुम्ही बसलात की भूकंप झाला तरी हलायचं नाही!" सगळ्या हसल्या. तीही हसली होती, आणि त्या हसण्याची तिला आता चीड येत होती.

तीन महिन्यांत तिच्या वाट्याला बॅटिंगचे चेंडू आले एकोणीस. रोज घरी गेलं की लेक विचारायची, "आई, आज तरी बॅट मिळाली का गं?" रविवारी मॅच होती. लेक बघायला येणार होती.

"चला, टीम सांगतो," म्हणत स्टोअरकीपरने खिशातून घडी केलेला कागद काढला. एकेक नाव वाचत गेला. शेवटी मान वर करून हसला. "आणि ताई, तुम्हीसुद्धा!"

क्रेनवालीच्या काळजाने उडीच मारली. "कितव्या नंबरला खेळायचं?"

"खेळायचं? नाही हो, तुम्ही बाराव्या. मशीन नेतोय ना आपण बरोबर. मॅचच्या आधी सगळ्यांचे हात मोकळे व्हायला नकोत? तिथे ते धरून कोण बसणार? तुम्ही म्हणजे टीमचा आधारस्तंभ!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर ती दहा-दहा टनांचा माल हुकाला लटकवून कामगारांच्या डोक्यावरून अलगद नेत असे. तिच्या केबिनमध्ये लाल अक्षरांत पाटी होती: तोल साधण्यासाठी भारावर माणूस बसवू नये. मागच्याच आठवड्यात कलंडणाऱ्या पेटीच्या एका टोकावर दोघे फिटर चढून बसले, तेव्हा तिने क्रेन थांबवली होती आणि वरून शिव्या घालून त्यांना खाली उतरवलं होतं. आणि संध्याकाळी शिफ्ट सुटली की हीच बाई इथे येऊन गुमान बसत होती!

ती उठली.

"अहो, बसा ना. अजून सहा चेंडू आहेत."

"टाका की तुम्ही."

एका चेंडूने काय होतंय, असं वाटून त्याने टाकला. मशीन उडी मारून मागे सरकलं आणि चेंडू खणकन जाळीच्या खांबावर आदळला. कॅप्टनने खाली बसकणच मारली. "भाऊ! माझं डोकं फुटलं असतं ना!"

क्रेनवालीने मशीनचं बटण बंद केलं आणि तरातरा सामानाच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा एका हातात हातोडा होता आणि दुसऱ्या हातात खुंट्यांचं पाकीट. मशीनबरोबरच आलेलं. अजून फोडलेलंसुद्धा नव्हतं. तिने ते दातांनी फाडलं.

"ताई, लॉन! साहेब मला फाडून खातील!"

"बाजूला व्हा. पायावर बसेल."

तिने मशीन ओढून जागेवर आणलं, एक डोळा मिटून स्टंपच्या रेषेत लावलं आणि खुंटीवर पहिला घाव घातला. "एकोणीस चेंडू!" दुसरा घाव. "तीन महिन्यांत!" पुढचे घाव ती एकामागून एक घालत गेली, आणि तिन्ही खुंट्या मुंडीपर्यंत गवतात गेल्या तेव्हाच थांबली.

मग तिने पॅड बांधले. कॅप्टनने आपली बॅट मुकाट्याने तिच्या हातात दिली.

"टाका."

पहिला चेंडू तिला समजलाच नाही. दुसरा मांडीवर बसला, पण तिने हूं की चूं केलं नाही. तिसरा तिने असा हाणला की जाळी टराटरा फाटते की काय असं वाटलं. पण या खेपेला कोणी ओरडलं नाही. सगळ्या मशीनकडे बघत होत्या.

"हललं?" तिने विचारलं.

"नाही," स्टोअरकीपर पुटपुटला.

"मग मला कशाला बसवलं होतं, भाऊ?"

तो लॉनमध्ये रुतलेल्या खुंट्यांकडे बघत राहिला. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाला, "आता साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, तोल साधायला बसवलेलं माणूस खाली उतरलंय," क्रेनवाली म्हणाली आणि तिने बॅट टेकवली. "टाका पुढचा."